साखर कारखान्यासाठी एकच डेटाबेस: आराखडा कसा करायचा

सहकारी साखर कारखान्यात माहिती कमी कधीच नसते, ती विखुरलेली असते. ऊस नोंद शेतकी विभागाच्या सॉफ्टवेअरमध्ये, बिलं केन अकाउंटच्या (ऊस बिलांचा हिशोब ठेवणारा विभाग), शेअर विभागाचं जुनं फॉक्सप्रो (जुन्या काळचा डेटाबेस प्रोग्राम) अजून चालू, हजेरी पाहणाऱ्या टाइम ऑफिसचं आणखी कुणाकडून घेतलेलं आणि स्टोअरचा अर्धा कारभार एक्सेलमध्ये. मग कार्यकारी संचालकांनी साधा प्रश्न विचारला की 'या वाहतूकदाराकडे आपलं एकूण येणं किती?', तर चार टेबलांवरून चार आकडे येतात आणि चारही आपापल्या जागी बरोबर असतात.

ईडीपी (संगणक) विभागात नव्याने आलेल्या आणि 'सगळ्या कारखान्याचा एक डेटाबेस करा' असं सांगितलं गेलेल्यांसाठी हा लेख आहे. आधी एक हिशोब करून घ्या. रोजचं गाळप ५,००० टन आणि सरासरी खेप १४ टनांची धरली तर दिवसाला साधारण ३६० वजन पावत्या होतात. १२० दिवसांच्या हंगामात त्या ४३,००० च्या आसपास जातात. दहा वर्षांच्या पावत्या मिळून पाच लाख ओळीही होत नाहीत. एवढा डेटा साध्या यंत्रावरही सुखाने राहतो. त्यामुळे सर्व्हर कोणता, हा पहिला प्रश्न नाहीच. कोणती नोंद कोणी लिहायची आणि कोणी फक्त वाचायची, हे कागदावर ठरवून घेणं हे खरं काम.

१. बसण्याआधी हातात काय हवं

विभागप्रमुखांना 'तुमच्या गरजा सांगा' म्हणून पत्र पाठवू नका. उत्तरादाखल इच्छांची यादी येते. त्याऐवजी चालू कागद गोळा करा:

- प्रत्येक विभागातला प्रत्येक छापील फॉर्म, भरलेला. कोऱ्या फॉर्मवरून काहीच कळत नाही. समासात पेनाने काय लिहिलंय ते महत्त्वाचं.
- मागच्या हंगामातल्या एका पंधरवड्याचा पूर्ण संच: ऊस नोंद, तोडणी प्रोग्राम (कुणाचा ऊस कधी तोडायचा याचं वेळापत्रक), वजन पावत्या, ऊस बिल, तोडणी-वाहतूक बिल, बँकेला गेलेली यादी.
- सभासद नोंदवही आणि शेअर हस्तांतराचे ठराव.
- मुकादम (ऊसतोड टोळीचा म्होरक्या) आणि वाहतूकदारांच्या कराराचे नमुने.
- साखर आयुक्तालयाला, बँकेला आणि लेखापरीक्षकांना जाणारी सगळी विवरणपत्रं.
- प्रत्येक विभागातल्या खासगी एक्सेल फायली. त्या मागाव्या लागतात, कुणी आपणहून देत नाही. पण मुख्य सॉफ्टवेअर कुठे कमी पडतं ते नेमकं तिथेच दिसतं.

२. कॅलेंडर हंगामाचं धरा

पहिला सापळा तारखांचा. साखर हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर, आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. मार्चअखेरच्या पंधरवड्याचं बिल एप्रिलमध्ये निघतं तेव्हा हंगाम तोच राहतो, वर्ष बदलतं. म्हणून प्रत्येक व्यवहारावर हंगाम आणि आर्थिक वर्ष असे दोन वेगळे रकाने हवेत. तारखेवरून हंगाम 'काढून' घेणारा प्रोग्राम लिहू नका.

ऊस नोंदीत तर हे आणखी फसवं आहे. जुलै-ऑगस्ट २०२५ मध्ये लावलेला आडसाली ऊस २०२६-२७ च्या हंगामात तुटतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पूर्वहंगामी आणि जानेवारी-फेब्रुवारीचा सुरूही त्याच हंगामाला येतात, आणि तुटलेल्या उसाचा खोडवा (त्याच मुळांतून पुन्हा वाढणारा ऊस) तुटल्याच्या दिवसापासून पुढच्या हंगामात मोजायला घ्यावा लागतो. लागण प्रकार, लागण तारीख आणि गाळप हंगाम या तीन वेगळ्या नोंदी आहेत.

तिसरी तारीख गाळप दिवसाची. कारखान्याचा दिवस रात्री बारा वाजता बदलत नाही, पाळीप्रमाणे बदलतो. वजनाची घड्याळी वेळ आणि 'गाळप दिनांक' दोन्ही साठवा. नाहीतर लॅबचा दिवसाचा उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी) आणि काट्याचं दिवसाचं टनेज कधीच जुळणार नाही, आणि दोष काट्यावर जाईल.

३. एका माहितीला एकच मालक

मोठा कागद घ्या, डावीकडे माहिती आणि उजवीकडे तिचा मालक लिहा. मालक म्हणजे ती नोंद बदलण्याचा अधिकार असलेला एकच विभाग. बाकीचे वाचतात.

सभासद आणि भागांची नोंद शेअर विभागाची. जमीन, लागण, उसाची जात, क्षेत्र शेतकीचं. टोळी, मुकादम, वाहन आणि करार शेतकीतल्या तोडणी-वाहतूक शाखेचे. निव्वळ वजन काट्याचं. उतारा चीफ केमिस्टचा. दर, कपात आणि बँक खातं केन अकाउंटचं. हजेरी टाइम ऑफिसची. साखरेच्या पोत्यांचा साठा गोडाऊन कीपरचा.

भांडण हमखास दोन ठिकाणी होतं. पहिलं शेतकऱ्याच्या मोबाइल नंबरवरून. चीटबॉय (शेतकी विभागाचा गावोगाव फिरणारा कर्मचारी) शेतावर जातो, नवा नंबर त्याला आधी कळतो, पण नोंद शेअर विभागाकडे. इथे मालक शेतकीला करा. दुसरं बँक खात्यावरून. गट कार्यालयातून (काही गावांसाठी असलेलं कारखान्याचं कार्यालय) खातं बदलायची सोय मागितली जाते, ती देऊ नका. अर्ज गट कार्यालयात घ्या, पासबुकाची प्रत जोडा, केन अकाउंटमध्ये एकाने भरावं आणि दुसऱ्याने मंजूर करावं. बिलाची यादी तयार झाल्यावर आलेला बदल पुढच्या पंधरवड्यापासून लागू. पैशाचे घोटाळे वजनापेक्षा या दारातून जास्त सहज होऊ शकतात.

हा कागद कार्यकारी संचालकांच्या सहीने फिरवा. सही नसलेला आराखडा पहिल्या वादात फाटतो.

४. माणूस एक, नाती अनेक

एकच माणूस सभासद असतो, ऊस उत्पादक असतो, त्याच्या नावावर ट्रॅक्टर असतो, तो वाहतुकीचा करार करतो, कधी स्टोअरला मालही पुरवतो. जुन्या पद्धतीत त्याला पाच कोड असतात. म्हणून वाहतुकीची उचल (आगाऊ रक्कम) एका खात्यावर थकते आणि ऊस बिल दुसऱ्या खात्यावरून पूर्ण निघून जातं.

यावर उपाय असा की 'व्यक्ती' हे एकच टेबल करायचं. व्यक्ती, देवस्थान, ट्रस्ट, कंपनी, सोसायटी सगळे त्यात. मग प्रत्येक नात्याचं वेगळं टेबल: सभासद, उत्पादक, वाहतूकदार, मुकादम, पुरवठादार, कामगार. या प्रत्येकात व्यक्ती क्रमांक, कधीपासून, कधीपर्यंत. एकूण येणं-देणं व्यक्तीवर जमतं, तपशील नात्यावर राहतो.

वारस नोंदीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सभासद वारल्यावर त्याच कोडवर मुलाचं नाव टाकायची सवय सगळीकडे आहे. मग आठ वर्षांपूर्वीचं बिलही मुलाच्या नावाने छापलं जातं. जुन्या व्यक्तीची नोंद तशीच ठेवा, तिच्या सभासदत्वाला शेवटची तारीख द्या, वारसांची नवी नोंद करा आणि हस्तांतराचा ठराव क्रमांक जोडा. सातबाऱ्यावर अ.पा.क. (अज्ञान पालन कर्ता) असेल, तर अज्ञान म्हणजे अल्पवयीन धारक आणि पालन करणारा या दोन व्यक्ती आहेत, एक नाही.

५. कोडमध्ये अर्थ कोंबू नका

पहिले दोन अंक गट कार्यालयाचे, पुढचे तीन गावाचे, मग अनुक्रम, ही रचना दिसायला देखणी आहे. एखादं गाव दुसऱ्या गट कार्यालयाला जोडलं की त्या गावातले सगळे कोड खोटे होतात. कोड म्हणजे साधा चढता क्रमांक. गाव, गट हे रकाने.

मात्र शेवटी एक तपास अंक जरूर ठेवा, कारण कोड फोनवर सांगितला जातो आणि अंकांची अदलाबदल होते. पद्धत सोपी आहे. समजा क्रमांक ४८२१३. डावीकडून ६, ५, ४, ३, २ ने गुणा: २४ + ४० + ८ + ३ + ६ = ८१. ८१ ला ११ ने भागल्यावर बाकी ४. ११ मधून ४ वजा, तपास अंक ७. पूर्ण कोड ४८२१३७. कुणी घाईत ८४२१३७ टाइप केलं तर बेरीज ८५ येते, बाकी ८, तपास अंक ३ हवा होता. स्क्रीन तिथेच अडवते. बाकी ० आली तर तपास अंक ०. बाकी १ आली तर तो क्रमांक वापरायचाच नाही.

आधार क्रमांकाला मुख्य कोड करू नका. तो सगळ्यांचा मिळत नाही, टाइप करताना चुकतो, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर अशी माहिती गरजेपुरतीच आणि जपून ठेवायला हवी. लागत असेल तर वेगळ्या टेबलात, कूटबद्ध करून ठेवा. स्क्रीनवर शेवटचे चारच अंक दिसू द्या.

६. गाव, शिवार आणि ते दशांश टिंब

गावाचं नाव कधीही मजकूर म्हणून टाइप करून घेऊ नका. वडगाव, पिंपळगाव, निमगाव एकेका जिल्ह्यात कितीतरी आहेत, आणि नावं बदलतातही: उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतले गावांचे कोड घ्या, नाव फक्त दाखवण्यासाठी. अंतर मात्र गावावर ठेवून चालत नाही. मोठ्या गावात एका शिवारापासून दुसऱ्यापर्यंत तीन-चार किलोमीटर फरक पडतो आणि वाहतूक बिल त्यावरच ठरतं. शिवार हे गावाखालचं वेगळं टेबल.

क्षेत्राचा रकाना हा या कामातला सगळ्यात महाग रकाना आहे. शेतकरी सांगतो 'एक वीस', म्हणजे १ एकर २० गुंठे. चीटबॉय लिहितो १.२०. सातबारा असतो हेक्टर-आरमध्ये (१०० आर म्हणजे १ हेक्टर). संगणक १.२० वाचतो आणि हेक्टर समजतो. प्रत्यक्षात १ एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणून 'एक वीस' म्हणजे ६० गुंठे, आणि १ गुंठा साधारण १.०१२ आर धरला तर ०.६०७ हेक्टर. कागदावर ते जवळपास दुप्पट झालं. अशा नोंदी शे-दोनशे झाल्या की त्या गटाचं अपेक्षित टनेज फुगतं, तोडणी प्रोग्राम चुकतो, टोळ्या तिकडे पाठवल्या जातात आणि ऊस नसतो.

म्हणून साठवणीचं एकक एकच ठेवा, आर. स्क्रीनवर एकर आणि गुंठे असे दोन वेगळे चौकोन द्या आणि गुंठ्याच्या चौकोनात ३९ च्या पुढे आकडा घेऊ नका. टिंब टाइपच होऊ देऊ नका.

७. वजनकाटा

बाकी सगळं बंद पडलं तरी चालेल, काटा थांबला की केन यार्डातून रस्त्यापर्यंत रांग जाते. त्यामुळे काट्याच्या संगणकावर स्वतःचा छोटा डेटाबेस हवा. नेटवर्क असो-नसो, पावती तिथे तयार होते आणि नंतर मुख्य डेटाबेसला जाते. दोन-तीन काटे असतील तर प्रत्येकाची पावती मालिका वेगळी. सगळ्यांना मुख्य सर्व्हरकडून क्रमांक मागायला लावलंत, तर लाइन तुटल्यावर तिन्ही काटे एकदम बंद.

पावतीत किमान हे रकाने: पावती क्रमांक, काटा, उत्पादक कोड, लागण नोंद क्रमांक, वाहन, टोळी, भरगाडीचं वजन आणि वेळ, रिकाम्या गाडीचं वजन आणि वेळ, बाइंडिंग मटेरियलची (मोळ्या बांधायच्या वाढ्या-पाचटाची) वजावट, निव्वळ, गाळप दिनांक, गेटकेन (कार्यक्षेत्राबाहेरून आलेला ऊस) आहे का, स्थिती. वजन किलोत, पूर्णांकात. टन हा फक्त छपाईसाठी. बिलासाठी दशांश लागतील तिथे नेमका दशांश प्रकार वापरा, फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) नको. लाखभर ओळींची बेरीज फ्लोटमध्ये केली की पैसे जुळत नाहीत आणि कारण शोधून सापडत नाही.

वजन इंडिकेटरवरून (काट्याचा आकडा दाखवणारं यंत्र) थेट यावं. केबल खराब झाली तर हाताने टाकायची सोय लागतेच, पण तशा पावतीवर 'हाती' अशी खूण आपोआप पडली पाहिजे आणि त्यांची रोजची यादी केन अकाउंटला गेली पाहिजे. पावती पुसण्याची सोय कुणालाच नको, अगदी ईडीपीलाही. चुकली तर रद्द करा, कारण लिहा, क्रमांक तसाच राहू द्या. लेखापरीक्षक आधी गहाळ क्रमांकच शोधतात.

८. दर, कपात, बिल

दर हा प्रोग्राममध्ये लिहायचा आकडा नव्हे, आणि दर टेबलात एकच ओळही नव्हे. पहिली उचल, दुसरा हप्ता, दिवाळीचा हप्ता, अशी प्रत्येकाची वेगळी ओळ, हंगामासह. जुन्या ओळीवर नवा आकडा कधीच लिहायचा नाही. एकक तपासा: केंद्राची एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) क्विंटलवर जाहीर होते (२०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला ३५५ रुपये), कारखान्यात सगळे टनावर बोलतात.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे, लेखी करारात वेगळं ठरलं नसेल तर ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशिराला वार्षिक १५ टक्के व्याज. पंधरवडा संपतो तेव्हा पहिल्या दिवशी आलेल्या उसाची मुदत संपत आलेली किंवा संपलेली असते. म्हणजे दिवस मोजायचे ते पावतीच्या तारखेपासून, बिलाच्या नव्हे. बिलाच्या टेबलात पावतीनिहाय ओळी ठेवल्यात तरच हे काढता येतं.

कपातींचा क्रम (सोसायटीचं पीककर्ज, बियाणं, खत, पाणीपट्टी, भागाची रक्कम) टेबलात ठेवा, कारण तो संचालक मंडळाच्या ठरावाने बदलतो. बिल अपुरं पडलं तर कोणती कपात पुढे ढकलायची तेही तिथेच. पैशांचं पूर्णांकीकरण ओळीवर की एकूण रकमेवर, हे केन अकाउंटकडून लिहून घ्या: १४.३८५ टन गुणिले ३,१०० म्हणजे ४४,५९३.५०, आणि हे पन्नास पैसे कुठे जातात यावरून बँकेची यादी आणि खतावणी यांत फरक पडतो.

बँक खाते क्रमांक हा मजकूर आहे, संख्या नाही. संख्या केलात तर सुरुवातीची शून्यं जातात. एक्सेल तर पंधरा अंकांनंतरचे सगळे अंक शून्य करून टाकतं. आयएफएससी कोड ११ अक्षरी, त्यात पाचवं अक्षर नेहमी शून्य. तिथे 'ओ' टाइप होतो. शाखांचं टेबल वेगळं ठेवा. १ एप्रिल २०१९ ला देना बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाली. असे कोड बदलले की शाखेच्या टेबलात एक ओळ बदलावी, हजारो शेतकऱ्यांच्या नोंदी नव्हे.

९. मराठी नावं

डेटाबेस तयार करतानाच युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणारी पद्धत) निवडा. पोस्टग्रेसमध्ये यूटीएफ-८, मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ-८-एमबी-४, एसक्यूएल सर्व्हरमध्ये एन-व्हारकॅर, नाहीतर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते आणि एका देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, त्यामुळे ५० चा रकाना सोळा चिन्हांत भरतो.

शोध लागत नाही याचं कारण बहुतेक वेळा चिन्हांत असतं. 'ॲ' एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच 'अ' वर चंद्र देऊनही. 'कऱ्हाड', 'गोऱ्हे' यांतला र दोन प्रकारे टाइप होतो. दिसायला सारखं, संगणकाला वेगळं, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण हा फरक मिटवत नाही. जतन करण्याआधी एक रूप करून घेणारा छोटा फंक्शन स्वतः लिहा. नाव, वडील किंवा पती, आडनाव असे तीन रकाने ठेवा, आणि सोबत 'पासबुकाप्रमाणे नाव' रोमन लिपीत, बँकेच्या फायलीसाठी.

१०. जुना डेटा आणताना

फॉक्सप्रोमध्ये पुसलेली ओळ लगेच जात नाही; तिच्यावर फक्त खूण होते. थेट आयात केलीत तर वीस वर्षांपूर्वी काढलेले सभासद पुन्हा जिवंत होतात. आधी खुणा गाळा. नावं श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये (युनिकोडआधीची मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरं) असतील तर रूपांतरानंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, निदान प्रत्येक गावातली काही नावं.

दुहेरी नोंदी यंत्राने शोधा, पण एकत्र माणसाने करा. बँक खातं किंवा मोबाइल जुळला की यादीत घ्या, यादी गट कार्यालयात पाठवा, चीटबॉयला विचारा. एका गावात एकाच नावाचे चुलतभाऊ असतात. दोन माणसं चुकून एक केली तर सोडवणं अवघड, एक माणूस दोनदा राहिला तर फारसं बिघडत नाही.

११. अधिकार आणि बॅकअप

प्रत्येकाचं लॉगिन स्वतःचं. 'काटा१' असं सामायिक लॉगिन ठेवलंत तर नोंद कोणी केली ते कधीच कळणार नाही. बॅकअप रोज रात्री, शिवाय हंगामात बदलांची नोंद दर काही मिनिटांनी दुसऱ्या यंत्रावर. एक प्रत कारखान्याच्या आवाराबाहेर. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून एका पंधरवड्याचं टनेज जुळवा. उघडून न पाहिलेली प्रत बॅकअप म्हणून धरू नका.

१२. सुरू कशाने करायचं

काट्याने नाही. जुलैत आडसाली नोंदी सुरू होतात, तेव्हा व्यक्ती, गाव, शिवार आणि ऊस नोंद चालू करा. स्टोअर आणि शेअर विभाग पावसाळ्यात. काटा आणि बिल हंगामात, पण पहिला पूर्ण पंधरवडा जुनं आणि नवं दोन्ही चालवा. तीन आकडे जुळवा: पावत्यांची संख्या, निव्वळ किलो, बँकेला गेलेली रक्कम. किलोत एकाचाही फरक राहिला तरी जुनं बंद करू नका; रकमेतला फरक बहुतेक पूर्णांकीकरणाचा निघतो, पण तो निघाल्यावरच पुढे जा.

हंगाम संपला, शेवटचं बिल गेलं, की त्या हंगामाच्या पावत्या कुलूपबंद करा. नंतर चूक सापडली तर जुनी ओळ हलवायची नाही. समायोजनाची नवी नोंद, तारीख आजची, हंगाम जुना, आणि ठराव किंवा अर्ज क्रमांक जोडलेला.